‘सातांपैकी एक’ हे तपासायचं कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १९६९ची शेव्रोले कॅमारो झेड/२८, म्हणजे कॅमारोची ३०२ क्युबिक इंच इंजिनाची खास आवृत्ती. विकणारा म्हणतोय की हा रंग, हे इंटिरिअर आणि हे ऑप्शन अशा जोडीच्या सातच गाड्या बनल्या. त्या जोरावर तो चालू भावाच्या जवळपास दुप्पट मागतोय आणि तुम्हाला हा ‘सात’चा आकडा तपासायचाय. तो तपासताच येणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

असे आकडे खरे असू शकतात, पण सगळ्या कंपन्यांच्या बाबतीत नाही. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली एकेका गाडीची नोंद मार्टी ऑटो वर्क्स या अमेरिकन कंपनीकडे आहे. फोर्ड मस्टँगचा चासी नंबर दिला की या रंगाच्या, या इंजिनाच्या, या गिअरबॉक्सच्या किती बनल्या हे ते मोजून देतात. शेव्रोलेचं तसं नाही. अमुक ऑप्शन वर्षभरात किती गाड्यांवर लागला याची बेरीज उपलब्ध आहे, पण कोणते ऑप्शन एकाच गाडीवर एकत्र आले याची मोजणी नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची माहिती जीएम कॅनडाकडून (शेव्रोलेची मालक जनरल मोटर्स, तिची कॅनडातली शाखा) मिळते, तेवढा अपवाद. मग हे सात आले कुठून? बहुधा कुणीतरी ऑप्शनच्या टक्केवाऱ्या एकमेकींना गुणल्या असतील. त्या हिशेबाने माझ्या दारातली साधी गाडीसुद्धा जगात एकमेव निघेल.

जे आकडे पक्के आहेत ते बघा. १९६७ साली झेड/२८ फक्त ६०२ बनल्या. १९६९ साली २०,३०२. म्हणजे तुमची गाडी दुर्मिळ म्हणावी अशी नाही. तरीही तिला भाव आहे, कारण ती हवी असणारे लोक भरपूर आहेत. याच्या उलट, त्याच काळातल्या साध्या चार दारांच्या कितीतरी सेडान आज शोधूनही सापडत नाहीत, कारण त्या कुणी जपल्याच नाहीत. सापडली तरी गिऱ्हाईक मिळत नाही. कमी असणं आणि महाग असणं यांचा संबंध मध्ये मागणी आली तरच लागतो. जॅग्वार ई-टाइप ७० हजारांहून जास्त बनल्या, पण बॉनेटचं कुलूप बाहेरून असलेल्या १९६१च्या पहिल्या सुमारे ५०० गाड्यांसाठी लोक वेगळे पैसे मोजतात. १९६३ची कॉर्व्हेट कूपे हा माझा आवडता किस्सा. मागची काच मधोमध एका पट्टीने दुभंगलेली, त्या एकाच वर्षी. तेव्हा मागचं दिसत नाही म्हणून काही मालकांनी ती पट्टी कापून १९६४ची अखंड काच बसवून घेतली. आज तीच पट्टी असलेली गाडी सगळ्यांना हवी आहे.

आता तुमच्या गाडीची खरी परीक्षा. ही झेड/२८ आहेच का? १९६९च्या कॅमारोच्या चासी नंबरवरून इंजिन व्ही-८ (आठ सिलिंडरचं) आहे एवढंच कळतं, झेड/२८ आहे हे कळत नाही. त्यामुळे साध्या व्ही-८ गाडीवर पट्टे रंगवून, बिल्ले लावून ‘झेड/२८’ तयार करणारे पैशाला पासरी. नॉरवुड कारखान्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या ट्रिम टॅगवर (गाडीचे कोड ठोकलेली, रिव्हेटने बसवलेली पत्र्याची पट्टी) एक्स-३३ किंवा एक्स-७७ असा कोड असतो, तो झेड/२८चा. पण टॅगही नवे बनवून मिळतात, तेव्हा रिव्हेट जुन्या आहेत का तेही बघा.

इंजिनावर जास्त वेळ घालवा. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. तिथे इंजिन जुळवल्याचा कोड असतो. १९६९च्या ३०२ क्युबिक इंच इंजिनासाठी त्याची शेवटची अक्षरं ‘डीझेड’. चासी नंबरचा शेवटचा भागही तिथे किंवा ऑइल फिल्टरजवळ ठोकलेला असतो. नुसती अक्षरं वाचून थांबू नका. कापडाने तेल पुसा आणि टॉर्च तिरकी धरा. कारखान्याच्या मशीनने ब्लॉक तासला की पॅडवर इंजिनाच्या लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक समांतर रेघा राहतात. त्या रेघा दिसल्या आणि ठप्पे त्यांच्यावर बसलेले असले तर बरं लक्षण. पॅड आरशासारखा गुळगुळीत आणि त्यावर आकडे मात्र कोरेकरकरीत असतील, तर ते नंतर ठोकलेत. एकदा मी अशाच एका पॅडकडे पाच मिनिटं बघत बसलो होतो. मालक शेजारी उभा राहून रंग किती सुंदर झालाय ते सांगत होता. रंग खरंच सुंदर होता.

मग ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो तिथे, ओतकामाची तारीख शोधा. ‘सी १४ ९’ म्हणजे मार्च १४, १९६९: अक्षर महिन्याचं, शेवटचा आकडा वर्षाचा. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला असायला हवा हे उघड आहे, पण फार आधीही नको. काही आठवडे ठीक. गाडी फेब्रुवारीत बनली आणि ब्लॉक एप्रिलचा, तर ते इंजिन या गाडीचं नाही, मग विकणारा कितीही शपथा घेवो.

कागदांत बिल्ड शीट, म्हणजे या गाडीवर काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, मिळाली तर सोनं. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीच्या वर ती अडकलेली सापडते. उंदरांनी कुरतडलेली असली तरी चालेल. जुनं विक्रीचं बिल, वॉरंटीचं पुस्तक, पहिल्या मालकाचे फोटो हे सगळं मागा. रंगाखाली पुट्टी आहे का ते बघायला पत्र्यावर चुंबक फिरवणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

भावाचं म्हणाल तर जाहिरातीतली मागणी विसरा. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे काढा आणि त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते बघा, नाहीतर तुलनाच चुकते. हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या दरसूचीत गाडीच्या अवस्थेनुसार १ ते ४ अशा प्रतवाऱ्या आहेत. १ म्हणजे स्पर्धेत उभी करण्यासारखी, ४ म्हणजे चालती पण डागडुजीची. विकणारा हटकून एक पायरी वर सांगतो, तुम्ही एक पायरी खाली धरा. आणि रिस्टोरेशनवर त्याने किती ओतले याची बिलं दाखवली तर कौतुक करा, पण किंमत त्यावरून ठरवू नका. खर्च क्वचितच वसूल होतो. मूळ रंगाची, थोडी विटलेली पण कधी सुटी करून रिस्टोर न केलेली गाडी अनेकदा चकचकीत गाडीपेक्षा जास्त भाव खाते, कारण तिच्यात काही लपवायला जागा उरलेली नसते.

इंजिन मूळचं नाही असं निघालं तरी लगेच पाठ फिरवू नका. गाडी खरी झेड/२८ असेल आणि तो ते मान्य करून भाव उतरवत असेल, तर चालवायला ती उत्तमच. सातांच्या गोष्टीचे मात्र पैसे देऊ नका.

पॅड, ओतकामाची तारीख आणि ट्रिम टॅग यांचे जवळून काढलेले फोटो इथे टाका. पॅडचा फोटो फ्लॅश बंद करून, तिरक्या उजेडात काढा.