हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये किरणोत्सर्गाचा किती डोस योग्य समजावा?

वडिलांच्या स्कॅनचा, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून हृदयाची चित्रे घेणाऱ्या तपासणीचा, अंदाजित डोस १२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे एकक) सांगितला आहे, तो घातक आहे का, असे आपण विचारले आहे. त्या भीतीने आवश्यक तपासणी टाळू नये. अमेरिकन सोसायटी ऑफ न्यूक्लिअर कार्डिऑलॉजीने २०१० मध्ये असे उद्दिष्ट ठेवले होते की, २०१४ पर्यंत किमान निम्म्या तपासण्यांत डोस ९ मिलिसिव्हर्टच्या आत यावा. हा केंद्राच्या एकूण कामाचा मापदंड आहे, एकेका रुग्णाची कमाल मर्यादा नव्हे, कारण वजनदार रुग्णाला या द्रव्याची मात्रा अधिक द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ६५ देशांतील पाहणीत २०१३ मध्ये जेमतेम ३० टक्के केंद्रांचा मध्यक डोस (ज्याच्या आत निम्म्या तपासण्यांचे डोस येतात तो आकडा) ९ मिलिसिव्हर्टच्या आत होता, हे मला खरोखर चिंताजनक वाटते.

मोठा फरक पडतो तो किरणोत्सारी द्रव्यामुळे. थॅलियम-२०१चे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यास लागणारा काळ) सुमारे ७३ तास, तर टेक्नेशियम-९९एमचे ६ तास असल्याने थॅलियमने डोस बराच वाढतो. टेक्नेशियम वापरून आधी केवळ श्रमानंतरची चित्रे घेतली आणि ती निर्दोष निघाली, तर विश्रांतीच्या अवस्थेतील चित्रांसाठी दुसरे इंजेक्शन द्यावे लागत नाही. वडिलांच्या बाबतीत हे शक्य आहे का, असे डॉक्टरांना आधीच विचारावे.