कार्यक्रमाआधी गोळी घेताना

पहिल्याच मैफलीची धाकधूक, त्यात डोकं ठणकतंय; समजतं गं. पण हाताला येईल ती गोळी तोंडात टाकू नकोस. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्त गोठायला वेळ लागतो. तार सप्तकात जोर लावताना स्वरतंतूतली केसाएवढी रक्तवाहिनी फुटली, तर रक्त लवकर थांबत नाही, आतच साठत जातं. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम तर ७ ते १० दिवस टिकतो. (डॉक्टरांनीच दिली असेल तर मात्र मनाने बंद करायची नाही.)

- साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल बरी. सर्दीच्या गोळीतही बहुतेकदा तीच असते. पाकिटामागची बारीक अक्षरं वाच. दुप्पट डोस यकृताला भोवतो.
- दुखऱ्या घशावर गोळी घेऊन रियाज नको. नवखे इथेच चुकतात. दुखणं दबतं, इजा वाढते.

गाता गाता आवाज एकदम गेला, तर तिथेच थांब. कुजबुजूसुद्धा नकोस. थेट कान-नाक-घसा डॉक्टर गाठ.