पीडीएफ उघडते, पण बोलत नाही

प्रश्न : वर्गातला एक अंध मुलगा म्हणतो, ‘मॅडम, तुमच्या नोट्स उघडतात, पण एनव्हीडीए गप्पच.’ (एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.) माझं काय चुकतंय?
– एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : बाई, तुम्ही पानं स्कॅन केली असणार. तो अक्षरांचा नुसता फोटो. त्यात वाचण्याजोगं काही नसतं. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरं म्हणून कळणाऱ्या पद्धतीतच, टाइप करा. जुन्या फॉन्टमधली ‘कविता’ आपल्याला नीट दिसते, त्याला मात्र निरर्थक रोमन अक्षरं ऐकू येतात. मीही वर्षानुवर्षं तशाच फाइल दिल्या, त्याचं वाईट वाटतं. शीर्षक नुसतं ठळक नको, वर्डमधली ‘हेडिंग’ शैली द्या. मग ‘एच’ची कळ दाबत तो शीर्षकाशीर्षकावर पोचतो. पीडीएफ मात्र ‘सेव्ह ॲज’नेच करा, ‘प्रिंट’ने केल्यास ही रचना हरवते. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं, माहिती सुलभ स्वरूपात मिळण्याबद्दलचं ४२वं कलम प्राचार्यांना जरूर दाखवा.