आइस डान्समध्ये करिअर करायचं म्हणजे नेमकं काय असतं?

तुमची मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात रोलर स्केटिंग करते, ऑलिंपिकमधला आइस डान्स टीव्हीवर पाहिल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही, आणि यात करिअर कसं असतं असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः खेळाडू नाही. पण अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅन्टनजवळ राहते, माझी लेक सात वर्षं या खेळात होती, आणि पहाटे पाचला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून तिला रिंकवर पोचवायची ड्यूटी माझी होती. तेवढ्या अधिकारावर लिहिते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की या खेळात करिअर एकट्याचं नसतं, जोडीचं असतं. गुण जोडीला, पदक जोडीला. एकाचा पाय दुखावला की दोघं घरी. आणि एकाला कंटाळा आला तर दुसऱ्याचं करिअर, त्याची काहीही चूक नसताना, त्या दिवशी थांबतं.

फिगर स्केटिंगमध्ये जोडीचे दोन प्रकार आहेत. 'पेअर'मध्ये मुलाने मुलीला डोक्यावर उचलायचं, हवेत फेकायचं वगैरे. आइस डान्समध्ये ते चालत नाही. डोक्यावरून उचलायचं नाही, एकट्याने करायच्या स्केटिंगसारख्या मोठ्या उड्या नाहीत. मग मोजतात काय? ब्लेडची धार किती खोल बसते, दोघं एकमेकांच्या किती जवळ राहून किती वेगात जातात, तालावर आहेत की नाहीत. त्यात ट्विझल नावाचा एक प्रकार असतो: एका पायावर गरगर फिरत पुढे सरकायचं, तेही दोघांनी शेजारी शेजारी, एका लयीत. टीव्हीवर सोपं वाटतं. आमच्या कोचने एकदा लेकीच्या आणि तिच्या जोडीदाराच्या कमरेमध्ये दुरेघी वही धरायला लावली आणि रिंकला फेरी मारायला सांगितली. वही पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात ती वही भिजून लगदा झाली.

आता आमच्या भागातल्याच जोडीचं सांगते. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट. १९९७ मध्ये कोचने दोघांना एकत्र आणलं तेव्हा ती दहा वर्षांची, तो नऊचा. ती इतकी लाजाळू की त्याच्या डोळ्यांत बघेना, म्हणून कोचने चार्लीच्या कपाळाला स्टिकर चिकटवला आणि तिला म्हणाले, याच्याकडे बघ. तिथून सुरुवात. चार्ली त्याच वेळी आइस हॉकीही खेळायचा. २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये दोघांना रौप्य, २०११ ला अमेरिकेसाठी या प्रकारातलं पहिलं विश्वविजेतेपद, आणि २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, तेही अमेरिकेचं या प्रकारातलं पहिलंच. म्हणजे स्टिकरपासून सुवर्णापर्यंत सतरा वर्षं, एकाच जोडीदाराबरोबर. लग्न मात्र दोघांनी वेगवेगळ्या माणसांशी केलं. (हा प्रश्न मंडळातल्या प्रत्येक काकू विचारतातच, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

आपल्याकडच्या लोकांना ही जोडी आठवेल ती व्हँकुव्हरला हिंदी सिनेमातल्या गाण्यांवर केलेल्या नाचामुळे. त्या मोसमात एका फेरीसाठी लोकनृत्य हा विषय होता. यांनी भारत निवडला, मिशिगनमधल्याच एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन मान, नजर आणि हात शिकून घेतले, आणि ते सगळं बर्फावर आणलं. आमच्याकडे त्या आठवड्यात सगळ्यांच्या ईमेलमध्ये तीच लिंक. माझी लेक तेव्हा सात वर्षांची. सोफ्यावर उभी राहून तिने जाहीर केलं की मला हेच करायचंय. तुमच्या घरी आत्ता जे चाललंय ना, अगदी तेच.

त्यांच्याच रिंकवर, त्याच कोचकडे, त्यांचे सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धी सराव करायचे: कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोईर. त्यांचीही जोडी १९९७ चीच. व्हँकुव्हरचं सुवर्ण टेसा-स्कॉटला, सोचीचं मेरिल-चार्लीला. सोचीत गुण होते १९५.५२ आणि १९०.९९. रोज सकाळी ज्यांच्या शेजारून स्केटिंग करायचं त्यांनाच हरवायचं, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही. २००८ मध्ये टेसाच्या पायांवर नडगीच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रिया झाली. तेवढे दिवस स्कॉट एकटाच सराव करत होता, टेसाच्या जागी वाळूच्या पिशव्या आणि हॉकी स्टिका घेऊन. अर्ध्या जोडीचं काय होतं ते यावरून समजून घ्या. पुढे २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णं मिळवली, पण मला आठवतात त्या पिशव्याच.

आता आमचं. हा भाग मुद्दाम लांब लिहितेय, कारण ऑलिंपिकपटूंची उदाहरणं ऐकून कोणीही हुरळून जातं.

या खेळात मुली ढीगभर आणि मुलं मोजकी. मुलगा जरा बरा स्केटर असला की त्याच्यासाठी दुसऱ्या राज्यातून मुलींचे आईबाप ट्रायआउटला विमानाने येतात. चक्क मुलगी दाखवायचा कार्यक्रम असतो तो, फक्त कांदेपोह्यांशिवाय. जोडीदार मिळेपर्यंत मुलगी स्केटिंगच्या परीक्षा देते त्या कोचबरोबर नाचून, आणि त्या वेळेचे पैसे कोचला वेगळे द्यावे लागतात. आम्ही दोन वर्षं ते केलं. मग लेक बारा वर्षांची असताना एक मुलगा मिळाला. गुणी पोरगा. दोघांचं जमलंही छान. आणि मग माझी मुलगी दीड वर्षात चार इंच वाढली. आमच्याकडे उंच मुलीचं कौतुक, सासूबाई फोनवर खूश. इकडे रिंकवर दोघांची खांद्याची रेघ जुळेना, लिफ्टमध्ये, म्हणजे त्याने तिला (डोक्याच्या खालीच) उचलून धरताना, तिचे पाय बर्फाला लागायला लागले. त्याच्या आईने एका रविवारी फोन केला, फार गोड बोलली, आणि सोमवारी तो दुसऱ्या मुलीबरोबर सरावाला उभा होता. त्याच रिंकवर. त्यांचंही चुकलं असं मी आता म्हणणार नाही, तेव्हा मात्र पुष्कळ म्हटलं होतं.

लेकीने नंतर वर्षभर शोधलं, मग सोडलं. ब्लेड पुसायला मी आजोबांच्या जुन्या पंच्याचे तुकडे करून ठेवले होते (ओलं ब्लेड तसंच बॅगेत टाकलं तर गंज धरतो), ते अजून गराजमध्ये आहेत.

पैशांचं थोडक्यात. मिळण्याआधी बरीच वर्षं घालवावे लागतात. बूट वेगळे, ब्लेड वेगळी, दोन्ही मिळून आम्हाला हजार डॉलरच्या आसपास पडायचे, आणि वाढत्या पायाला ते वर्षभर पुरले तर नशीब. बर्फावरच्या वेळेचे पैसे, कोचचे पैसे, नृत्यशिक्षकाचे, कपड्यांचे. बक्षिसाची रक्कम मोठ्या स्पर्धांतच असते आणि तीही दोघांत वाटून. खरी कमाई नंतर, आइस शो, नृत्यदिग्दर्शन आणि कोचिंग यांतून. डेव्हिस आणि व्हाइट सुवर्णानंतर स्पर्धेत उतरलेच नाहीत, निवृत्ती जाहीर केली २०१७ ला. चार्ली आता इथेच कॅन्टनमध्ये बायकोबरोबर मुलांना शिकवतो.

त्याच्या बायकोवरून तुमच्यासाठी महत्त्वाचा मुद्दा निघतो. ती टॅनिथ बेल्बिन, तीही आइस डान्सर, मूळची कॅनडाची; बर्फावरचा तिचा जोडीदार बेन अगॉस्टो अमेरिकेचा. जागतिक स्पर्धेला जोडीतल्या एकाकडे त्या देशाचं नागरिकत्व असलं तरी भागतं, ऑलिंपिकला मात्र दोघांकडे लागतं. टॅनिथचं नागरिकत्व वेळेत व्हावं म्हणून अमेरिकेच्या संसदेला त्यासाठी तरतूद करावी लागली, २००५ च्या अगदी अखेरीस. दोन महिन्यांत दोघांनी तुरिन ऑलिंपिकला रौप्य जिंकलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे उद्या तुमच्या मुलीला परदेशी जोडीदार मिळाला, तर ऑलिंपिकसाठी दोघांपैकी एकाला पासपोर्ट बदलावा लागेल, हे आत्ताच डोक्यात असू द्या.

भारतात पूर्ण मापाचा बर्फ म्हणाल तर देहरादूनची रिंक आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली, मधे बरीच वर्षं बंद पडलेली. पुण्याहून रोजचा सराव तिथे होणं शक्य नाही. म्हणून माझं सांगणं असं, की रोलर सोडू नका. रोलरमध्ये आर्टिस्टिक नावाचा प्रकार आहे, त्यात सोलो डान्सही असतो आणि जोडीचा डान्सही. तुमच्या कोचना नेमकं त्याबद्दल विचारा. स्पीडच्या स्केट्सवर ते होत नाही, पुढे दोन, मागे दोन अशा चार चाकांचे क्वाड लागतात. बरोबर भरतनाट्यम किंवा कथक चालू ठेवा, ताल अंगात असलेल्या मुली बर्फावर लगेच ओळखू येतात. वर्षभराने तिला तरीही हेच हवं असेल, तर सुट्टीत एकदा महिनाभर खऱ्या बर्फावर घेऊन जा. इकडे आलात तर आमच्याकडे उतरा, पहाटेची गाडी मी काढेन.

आणि भिंतीवर तिच्या उंचीची खूण करत जा, तारखेसकट. तुमच्या दोघांच्याही उंच्या लिहून ठेवा. समोरची पार्टी पहिल्या फोनवर तेच विचारते.