मुलं घरी शिकतात म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आलंय. काय करू?

प्रश्न: आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. कुटुंब ख्रिस्ती. मुलगा 12 वर्षांचा, सहावी झालेला. मुलगी 9 वर्षांची, तिसरी झालेली. शाळेत रोज मूर्तीपुढे हात जोडायला लावायचे, अभ्यासही धड होत नव्हता, म्हणून जूनपासून दोघांना मीच घरी शिकवते. मी बी.एड. आहे. फी थकली म्हणून शाळेने दाखले अडवलेत. सर्वेक्षणात दोघांची नावं ‘शाळाबाह्य’ म्हणून गेली आणि आता 7 दिवसांत खुलासा करा, नाहीतर कारवाई करू, असं पत्र आलंय. मंडळीतले वडीलजन म्हणतात, घटनेचं कलम 25 आपल्या बाजूने आहे. मंडळीतल्या आणखी 4 कुटुंबांची मुलं घेऊन चर्चच्या हॉलमध्ये महिना 1,500 रुपयांत वर्ग भरवायचा विचार आहे. मुलगा दुपारी कधी कधी वडिलांच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. पोलीस केस होईल का? दहावीचं काय?

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट. मुलांना घरी शिकवल्याबद्दल शिक्षण हक्क कायद्याखाली तुमच्यावर गुन्हा दाखल होत नाही. 2009 च्या या कायद्याचं कलम 10 म्हणतं की 6 ते 14 वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा कैद, असं मात्र त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ‘सक्तीचं’ या शब्दाचा अर्थ कलम 8 मध्ये दिला आहे: सक्ती सरकारवर आहे. मूल शाळेत आलं की नाही, टिकलं की नाही, हे सरकारने पाहायचं. म्हणूनच केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारे अधिकारी, सर्वेक्षणाला तुमच्या दारात आले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पण याचा अर्थ घरच्या शिक्षणाला कायद्याची मान्यता आहे, असा कृपा करून काढू नका. तशी परवानगी देणारं एकही कलम नाही. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने ‘घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलं आणि नंतर ते मागे घेतलं. घरी शिकवणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा पहिला अर्धाच फिरतो. खुलाशात त्याचा आधार घेऊ नका.

आता कलम 25. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला पूर्ण आहे, पण मुलाला शाळेतच न पाठवण्याचा हक्क त्यातून निघतो, असं म्हणणं कार्यालयात टिकणार नाही. कलम 30 सुद्धा अल्पसंख्याकांच्या संस्थांसाठी आहे, घरासाठी नाही. अमेरिकेत 1972 साली आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर मुलं शाळेत न पाठवण्याची मुभा दिली, तो निकाल इथे लागू होत नाही.

तुमच्या उपयोगाचं कलम आहे घटनेचं 28 (3), आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला किंवा धार्मिक शिक्षण घ्यायला भाग पाडता येत नाही. 1985 साली केरळातल्या तीन ख्रिस्ती भावंडांना शाळेने काढून टाकलं होतं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. हात जोडायला लावणं हेच खरं दुखणं असेल, तर त्यावरचा उपाय शाळेतच आहे: मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, ‘कलम 28 (3) प्रमाणे आमची संमती नाही, त्या वेळी मुलं शांत उभी राहतील किंवा वर्गात बसतील’. त्यासाठी शाळा सोडायलाच हवी असं नाही. हा पर्याय नवरा-बायकोने शांतपणे बसून एकदा नीट तपासा. अभ्यासाची तक्रार वेगळी, तिचा निर्णय वेगळा.

चर्चच्या हॉलचा वर्ग मात्र सुरू करू नका. तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत धोक्याची गोष्ट हीच आहे. स्वतःच्या दोन मुलांना शिकवता तोवर तुम्ही पालक आहात. पाच घरची मुलं, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, महिन्याची फी असं झालं की कार्यालयाच्या नजरेत ती विनामान्यता शाळा होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 खाली तिला 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला 10,000. हॉल चर्चच्या ट्रस्टचा असेल तर विश्वस्तही त्यात ओढले जातील. ‘आम्ही धार्मिक शिक्षण देतो’ हा बचावही चालणार नाही. 2012 च्या दुरुस्तीने सूट मिळाली ती मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना. गणित-विज्ञान शिकवणारा हॉल त्यात बसत नाही. रविवारची शाळा, सुट्टीतलं बायबल शिबिर, शाळा सुटल्यावरचा अभ्यासवर्ग, हे सगळं खुशाल चालू द्या.

दुकानाचंही तसंच. बालकामगार कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलाने घरच्या धंद्यात मदत करायला मुभा आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच. दुपारी 1 वाजता काउंटरवर बसलेल्या मुलाचा एक फोटो पुरे, तुमचा सगळा खुलासा खोटा ठरेल. बाल न्याय कायद्यात मुलाची हयगय करणाऱ्याला शिक्षा आहे. घरी शिकवणं म्हणजे आपोआप हयगय नव्हे, पण मूल शिकतच नाही असं दिसलं तर बालकल्याण समितीपुढे तुमची बाजू लंगडी पडेल.

खुलासा एका पानाचा लिहा, दोघांच्या सहीने. ‘आम्हाला शाळा नको’ असं त्यात लिहायचं नाही, आणि मुलं दुसऱ्या शाळेत आहेत असंही नाही. काही जण ओळखीच्या शाळेत पटावर नाव ठेवून खोटी हजेरी लावून घेतात. ते करू नका, त्यात शाळाही अडकते. मजकूर साधारण असा असू द्या: ‘आमची मुले सध्या घरी नियमित शिक्षण घेत आहेत. शिकवणारी आई बी.एड. आहे. केंद्रप्रमुखांनी पूर्वसूचना देऊन मुलांची अध्ययन पातळी तपासावी, आमची हरकत नाही. आवश्यक वाटल्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश घेण्यास आम्ही तयार आहोत.’ शेवटचं वाक्य गाळू नका. कार्यालयाला फाइल बंद करायला तेच उपयोगी पडतं, आणि उद्या तुमचा विचार बदलला तर दार तुमच्यासाठीही उघडं राहतं. त्या कलमाप्रमाणे मुलगा थेट त्याच्या वयाच्या वर्गात बसू शकतो आणि मागे पडलेल्या भागासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मागता येतं.

सोबत जन्मदाखल्यांच्या प्रती, आठवड्याचं वेळापत्रक, पुस्तकांची यादी आणि तपासलेल्या वह्यांच्या काही पानांच्या झेरॉक्स जोडा. वह्या हाच तुमचा खरा पुरावा आहे. प्रत्येक विषयाची वेगळी वही ठेवा, प्रत्येक पानावर तारीख, लाल पेनाने तपासणी, चुकलेलं गणित खाली पुन्हा सोडवलेलं. महिन्याला एक लेखी चाचणी घ्या आणि उत्तरपत्रिका फाइलला लावा. अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती कार्यपुस्तिका वापरत असाल तर वापरा, पण शेजारी बालभारतीची पुस्तकं असलीच पाहिजेत, मराठीसकट. केंद्रप्रमुख येतील तेव्हा मुलीला मराठी उतारा वाचायला सांगतील, मुलाला अपूर्णांक घालतील. तिथे स्तोत्र पाठ असून भागणार नाही.

दाखल्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा. त्याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला लगेच द्यायचा असतो. तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि अडवून ठेवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाला पात्र ठरतो. फी खरोखर देणं असेल तर हप्ते लेखी मागा. त्यांना वसुलीचा मार्ग वेगळा आहे, दाखला गहाण ठेवायचा नसतो. दाखल्याबरोबर जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदींच्या वहीचा, उताराही मागून घ्या. तुमचे पूर्वज अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झाले असतील तर महाराष्ट्रात तुमचा समावेश इतर मागास वर्गात होतो, आणि पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी करताना शाळेतली ही नोंद पहिल्यांदा मागतात. शाळेबाहेर वाढलेल्या मुलांचं इथेच अडतं. बाप्तिस्म्याचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव वेगळं असेल तर ते आताच एक करून घ्या, आधारसकट.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग सरळ आहे. वय 14 पूर्ण हवं. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर अभ्यास झाल्याचं स्वयंघोषणापत्र चालतं. किमान 5 विषय, उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि नोंदणी 5 वर्षं टिकते. चूक होते ती विषय निवडताना. सोपे म्हणून चित्रकला, गृहविज्ञान घेतात, आणि अकरावी विज्ञानाला गेल्यावर कळतं की गणित-विज्ञानच नाही. तुमच्या मुलासाठी गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी आणि सामाजिक शास्त्र धरून चाला. त्याआधी आठवीचा कागद हवा असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे: पाचवीसाठी 10, आठवीसाठी 13 वर्षं पूर्ण लागतात. शाळेत गेलेल्या मुलाचा तिथे दाखला मागतात, म्हणजे पुन्हा तोच कागद. परदेशी कार्यपुस्तिकांच्या गुणपत्रिकेवर अकरावीचा प्रवेश अवलंबून ठेवू नका.

मुलाची 14 वर्षं पूर्ण व्हायला दोन वर्षं आहेत, मुलीची पाच. मुलाचं निभेल. मुलीसाठी मात्र दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा विचार करा, शाळा की घर.

खुलासा मुदतीच्या आत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात स्वतः नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. प्रत घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती खुलाशाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.