वाचकांचे प्रश्न : बंद दुकान आणि जुना माल

प्रश्न : पुण्यात माझे जुन्या वस्तूंचे छोटे दुकान आहे. तांब्यापितळेची भांडी, ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, कॅमेरे, चित्रपटांची पोस्टर्स आणि थोडे लाकडी सामान असा माल आहे. गेल्या वर्षीच्या करोना टाळेबंदीतून कसेबसे सावरलो, तोच या एप्रिलपासून (२०२१) दुकान पुन्हा बंद झाले. जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि मदतनिसाचा पगार डोक्यावर आहे. मोड घेणारे एक व्यापारी सगळे तांबेपितळ वजनावर उचलायला तयार आहेत. देऊन टाकावे का? (एक वाचक, पुणे, मे २०२१)

उत्तर : सरसकट देऊ नका. बूड गेलेली, कान तुटलेली, दुरुस्तीचा खर्चही निघणार नाही अशी भांडी वेगळी काढून तेवढीच मोडीत घाला. बाकीच्या प्रत्येक भांड्याची कड आणि बूड नीट पाहा. आपल्याकडे लग्नात किंवा इतर प्रसंगी दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती, आणि घंगाळावर कोरलेले एखादे नाव, गाव व तारीख ही त्या भांड्याची खरी किंमत असते. वजनकाट्यावर त्या अक्षरांना काहीच मोल नाही आणि मोडीत गेलेले घंगाळ थेट भट्टीत जाते, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

धातू थांबू शकतो. कागद, लाकूड आणि काच थांबू शकत नाहीत. पैशांसाठी काही विकायचेच असेल, तर आधी साठवणुकीत खराब होणारा माल काढावा, हे तुमच्या धंद्यापुरते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जून तोंडावर आला आहे. शटर ओढलेल्या, वारा नसलेल्या गाळ्यात पावसाळ्याच्या ओलीने पोस्टरना कसर लागते, कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते आणि भिंतीला टेकलेल्या लाकडाला वाळवी गाठते. शक्य तितक्या लवकर, परवानगीच्या वेळेत, पोस्टर आणि कॅमेरे घरी आणा. कॅमेरे घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पोस्टर कोरड्या जागी सपाट ठेवा आणि टिकावीत म्हणून त्यांना लॅमिनेशन मात्र करू नका. जाणकार गिऱ्हाईक तशा पोस्टरला हात लावत नाही.

याच संदर्भात एक धोका सांगतो. करोनाच्या या काळात (२०२१) आपण घरात येणारी प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसतो. ७८ आरपीएमच्या बहुतेक तबकड्या लाखेपासून केलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सॅनिटायझरचा बोळा फिरवला की खाचा खराब होतात व तबकडी कायमची खरखरते. जुन्या लाकडी सामानाचे पॉलिशही पुष्कळदा लाखेचेच असते. अशा वस्तू पुसण्याऐवजी काही दिवस बाजूला ठेवाव्यात, मग हाताळाव्यात, आणि विकत घेणाऱ्यालाही तशी स्पष्ट सूचना द्यावी.

आता विक्रीकडे वळू. या महिन्यातील (मे २०२१) आदेशांनुसार राज्यात ऑनलाइन मालही फक्त जीवनावश्यक वस्तूंचाच पोहोचवता येतो. त्यामुळे आज नोंदणी घ्यावी, अल्पशी आगाऊ रक्कम स्वीकारावी आणि निर्बंध उठल्यावर माल द्यावा; ही रक्कम परत मिळेल, असेही लेखी कळवावे. सुरुवात जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप यादीपासून करा. छायाचित्र उन्हाच्या कवडशात न घेता खिडकीजवळच्या मंद उजेडात घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि पोचा, डाग, झाळलेला सांधा यांचे स्वतंत्र छायाचित्र पाठवा. तबकडीचे लेबल दाखवाच, पण ती वाजतानाचे मिनिटभराचे ध्वनिमुद्रणही पाठवा. समोर वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, तेव्हा दोष आधी सांगणारा विक्रेताच पुन्हा आठवतो. पाठवताना तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका. जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून उभ्या ठेवा आणि एका खोक्यात दुसरे खोके घाला.

कराचीही काळजी घ्या. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली, तरी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचे असेल किंवा राज्याबाहेर माल पाठवायचा असेल, तर मे २०२१ च्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. नोंदणी झाल्यावर, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल तर, जुन्या मालावर खरेदी आणि विक्री यांच्या फरकावरच कर भरण्याची सोय आहे. म्हणून प्रत्येक खरेदीची पावती जपा.

भाड्याबाबत, टाळेबंदी झाली म्हणून ते आपोआप माफ होत नाही. गाळेमालकांकडे माफी मागण्याऐवजी काही महिने निम्मे भाडे आणि उरलेले दिवाळीनंतर हप्त्यांनी, असा प्रस्ताव ठेवा आणि ठरेल ते दोघांच्या सहीने कागदावर उतरवा. अनामत रकमेतून भाडे वळते करून घेण्याचा मार्गही विचारण्यासारखा आहे. कर्जासाठी बँकेत लगेच जा. रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ रोजी लहान व्यावसायिकांच्या कर्जांच्या पुनर्रचनेची (परतफेडीच्या अटी नव्याने ठरवण्याची) सोय जाहीर केली आहे. ३१ मार्च २०२१ पर्यंत खाते नियमित असणे आणि या कर्जाची आधी पुनर्रचना झालेली नसणे, या त्यातील मुख्य अटी आहेत. मात्र गेल्या वर्षी ज्यांनी हप्ते पुढे ढकलले त्यांच्या मुद्दलावर व्याज चढतच राहिले होते, तेव्हा जेवढा हप्ता झेपेल तेवढा भरावा. मदतनिसाला पूर्ण पगार देता येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि यादी, मोजमाप, छायाचित्रे यांचे काम घरबसल्या द्या. माल ओळखणारा माणूस हातचा गेला, तर दुकान उघडल्यावर तो पुन्हा मिळणे कठीण आहे.

प्रश्न : परदेशातील एका मराठी कुटुंबाने माझ्याकडची जुनी कोरीव समई आणि मोडी लिपीतील एक पोथी मागितली आहे. किंमत चांगली देत आहेत. पाठवू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सध्या पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू आणि वाङ्मयीन, ऐतिहासिक वगैरे मूल्य असलेले ७५ वर्षांपूर्वीचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातही अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो. समई त्याहून अलीकडची आहे अशी तुमची खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि मगच व्यवहार करा. तोपर्यंत आगाऊ पैसे स्वीकारू नका. पोथी एखाद्या जाणकार मोडी वाचकाला दाखवून तिच्यात काय आहे हे आधी समजून घ्या, आणि त्या कुटुंबाला तिची छायाचित्रे पाठवा.