नववी-दहावीच्या गणितात हल्ली नेमकं काय शिकवतात?

तुम्ही विचारलंय की लेक नववीत गेली, तुमचं शिक्षण सातवीपर्यंतचं, मग तिच्या गणितात काय असतं आणि घरी तुम्ही काय बघावं. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी आठवी ते दहावीला गणित शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राज्य बोर्डाची पुस्तकं दोन. भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. नववीला संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर-प्रमाण, समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन. दहावीला वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, समरूपता, वर्तुळ वगैरे. दहावीत बोर्डाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. सेमी-इंग्रजीत असेल तरी अभ्यासक्रम हाच, भाषा तेवढी इंग्रजी.

यातलं बरंच तुम्हाला व्यवहारातून माहीत आहे. समजा मोंढ्यात (धान्य बाजारात) एकाने ५ क्विंटल सोयाबीन आणि २ क्विंटल तूर घातली, ३६,००० रुपये आले. दुसऱ्याने ३ क्विंटल सोयाबीन आणि ४ क्विंटल तूर त्याच भावात घातली, ४१,२०० आले. सोयाबीन आणि तूर, दोन्हींचे भाव काढा. पहिल्याचा माल दुप्पट धरा : १० सोयाबीन, ४ तूर, ७२,०००. त्यातून दुसऱ्याचा माल वजा करा. तूर उडाली, ७ क्विंटल सोयाबीनचे ३०,८०० राहिले. म्हणजे सोयाबीन ४,४००, तूर ७,०००. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा नववी आणि दहावी दोन्हीकडे असलेला धडा तो हाच.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा धडा ‘अर्थनियोजन’. नववीत बचत, गुंतवणूक आणि आयकर, दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी (म्हणजे ठरावीक रक्कम नियमित गुंतवणं). सोपे गुण म्हणून पोरं तो घाईत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे व्याजाने पैसे महिना शेकडा तीनने सर्रास घेतात. तीन म्हटलं की थोडंच वाटतं. पण व्याज थकून मुदलात मिळत गेलं, तर १०,००० चे वर्षात सुमारे १४,२५८ होतात आणि दोन वर्षांत २०,३२८. दुपटीपेक्षा जास्त! चक्रवाढ व्याज लेक आठवीतच शिकली आहे. घरातलं एखादं खरं कर्ज तिच्यापुढे ठेवा आणि महिन्या-महिन्याला मांडायला सांगा. उचल (आगाऊ पैसे) घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या लेकरांना तर हा हिशोब आलाच पाहिजे.

सांख्यिकीही तशीच. पावसाची सरासरी गाठली तरी मधे वीस-पंचवीस दिवस खंड पडला की सोयाबीन जातंच. एकट्या सरासरीवर विसंबायचं नाही, आकडे कसे विखुरलेत तेही बघायचं, हे वर्गात मांडून दाखवलं की पोरं लगेच मान डोलावतात.

भूमितीत मात्र एक धोका आहे. पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी असते : दिलंय काय, दाखवायचंय काय आणि प्रत्येक पायरीला कारण. बरीच मुलं प्रमेयं पाठ करतात. आकृतीतली अक्षरं बदलली की अडकतात. तुम्हाला प्रमेय येत नसलं तरी चालेल. तिच्या वहीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा आणि ‘हे कशावरून?’ एवढंच विचारा. सांगता आलं तर समजलंय. नाही आलं तर तीच ओळ दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला लावा.

नववीत जी लेकरं मागे पडतात, ती बहुतेक वेळा नवीन धड्यामुळे नाही, अपूर्णांक आणि वजा चिन्हामुळे. बहुपदीचं गणित चुकलं की आधी तेच तपासा. दिवाळीपर्यंत रोज अर्धा तास सहावी-सातवीचे अपूर्णांक, गुणोत्तर आणि शेकडेवारी करून घ्या. सातवीपर्यंतचं तर तुम्हालाही येतं, सोबत बसा. आणि पहिल्या चाचणीनंतर शाळेत जाऊन फक्त गुण विचारू नका, तपासलेला पेपर बघायला मागा.